डॉ. रुस्तम जाल वकील: रक्तदाबाची मुळी, सशांचे पडलेले कान आणि कंपवाताचे औषध

मेंदूच्या एखाद्या आजारावर उंदरांमध्ये नवे औषध लागू पडल्याची बातमी आली की दवाखान्यात तिची विचारणा होते. घरात कंपवाताचा किंवा स्मृतिभ्रंशाचा रुग्ण असेल तर ते स्वाभाविकच आहे. हे औषध आपल्याला कधी मिळेल, तोपर्यंत चालू गोळ्यांचे काय करायचे आणि उंदराच्या मेंदूवरून माणसाच्या मेंदूचे काय कळणार, हे नातेवाइकांचे नेहमीचे तीन प्रश्न.

या प्रश्नांची उत्तरे समजून घ्यायला मुंबईच्या एका हृदयरोगतज्ज्ञाचे आयुष्य फार उपयोगी पडते. त्यांचे नाव डॉ. रुस्तम जाल वकील. त्यांची कीर्ती प्राण्यांवरच्या प्रयोगांसाठी नाही. त्यांनी रुग्ण तपासले आणि रक्तदाब मोजला. मात्र ज्या मुळीवर त्यांनी काम केले, त्या मुळीतले द्रव्य पुढे सशांना देण्यात आले आणि त्या सशांमुळे कंपवाताच्या आजच्या औषधाची वाट सापडली. ती मुळी आपल्या कोकणातल्या जंगलातही उगवते.

केईएममधले डॉ. वकील

रुस्तम वकील यांचा जन्म १९११ साली एका पारशी कुटुंबात झाला. लंडनमध्ये वैद्यकशास्त्राचे शिक्षण घेऊन ते मुंबईला परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले. हे रुग्णालय १९२६ साली सुरू झाले होते. गिरणगावातल्या कामगारांपासून कोकणातून बोटीने आलेल्या माणसांपर्यंत सगळ्या थरांतले रुग्ण तिथे येत.

महाराष्ट्रात एमबीबीएस केलेल्या बहुतेक डॉक्टरांना वकील हे नाव एका पुस्तकामुळे माहीत असते. डॉ. अस्पी गोलवाला यांच्यासोबत त्यांनी रुग्ण तपासण्याच्या पद्धतीवर पाठ्यपुस्तक लिहिले. रुग्णाला आधी नीट बघा, मग हात लावून तपासा, बोटांनी ठोकून पाहा आणि शेवटी स्टेथोस्कोपने ऐका, हा क्रम आमच्यासारख्या अनेकांनी त्या पुस्तकातून पाठ केला. यंत्रे कमी असलेल्या काळात डॉक्टरची खरी शिदोरी हीच होती. वकील यांच्या संशोधनाचाही पाया हाच आहे: जे दिसते ते नोंदवायचे, मोजायचे आणि मगच मत द्यायचे.

तेव्हा रक्तदाबावर काय उपाय होते?

आज बीपीची गोळी कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. १९४० च्या दशकात तशी गोळी नव्हती. विश्रांती, बिनमिठाचे जेवण, नुसत्या भातावर आणि फळांवर ठेवणे, झोपेची औषधे आणि फारच वाढलेल्या रक्तदाबात पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया, एवढेच उपाय हाती होते. रक्तदाब वाढणे हा वयाचाच भाग आहे, तो उतरवू नये, असे मानणारे डॉक्टरही होते.

या असहायतेचे उदाहरण म्हणून अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्याकडे पाहता येईल. एप्रिल १९४५ मध्ये मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले, त्या दिवशी त्यांचा रक्तदाब ३०० आणि १९० इतका नोंदवला गेला होता. जगातल्या सर्वांत सामर्थ्यवान देशाच्या प्रमुखासाठीही डॉक्टरांकडे धड औषध नव्हते. मग परळच्या बाह्यरुग्ण विभागात रांगेत बसलेल्या माणसाला काय मिळणार?

सर्पगंधा: जुनी मुळी, नवा प्रश्न

सर्पगंधा हे गुडघ्याएवढे, फार तर कमरेएवढे वाढणारे झुडूप. सावलीच्या, ओलसर जागी ते वाढते. फुले पांढरट-गुलाबी, त्यांचे देठ लाल, फळे पिकल्यावर काळपट जांभळी. संगमेश्वर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या जंगलांना ओळखणाऱ्या जुन्या माणसांना ही वनस्पती नवी नाही. आयुर्वेदात आणि लोकवैद्यकात तिची मुळी झोप न येणे, वेड आणि बेभानपणा यांवर दिली जाई. बिहारकडे तर वेडाचे औषध म्हणूनच ती विकली जाई. सर्पदंशावरही तिचा वापर होत असे. त्याबद्दल इथेच स्पष्ट सांगतो: फुरसे, घोणस, मण्यार किंवा नाग चावल्यावर सर्पगंधेचा उपयोग होत नाही. रुग्णाला सरळ रुग्णालयात न्या. प्रतिविष हाच उपाय आहे.

विसाव्या शतकात भारतीय शास्त्रज्ञांनी या मुळीकडे नव्या नजरेने पाहिले. १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ती वेडावर आणि वाढलेल्या रक्तदाबावर उपयोगी पडते, असे लिहिले. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी मुळीतली द्रव्ये वेगळी काढायला सुरुवात केली. कलकत्त्यात रामनाथ चोप्रा यांच्या गटाने मुळीचे अर्क प्राण्यांना देऊन पाहिले. प्राण्यांचा रक्तदाब उतरत होता आणि ते शांत होत होते.

म्हणजे औषधात गुण आहे, एवढे दिसले होते. पण किती रुग्णांना, किती प्रमाणात आणि किती दिवसांत फायदा होतो, हे जगातल्या डॉक्टरांना पटेल अशा रीतीने कोणी मांडले नव्हते. ते काम डॉ. वकील यांनी केले.

१९४९ चा निबंध

त्यांनी अनेक वर्षे सर्पगंधेचा वापर करून अनुभव घेतला. मग वाढलेल्या रक्तदाबाचे ५० रुग्ण निवडले, त्यांना मुळीपासून बनवलेल्या गोळ्या दिल्या आणि चार आठवडे रक्तदाबाच्या नोंदी ठेवल्या. बहुतेक रुग्णांचा वरचा आणि खालचा असे दोन्ही रक्तदाब उतरले. हा अभ्यास १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नल या लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

आजच्या चाचण्यांच्या मानाने ५० रुग्ण म्हणजे लहान आकडा. पण या अभ्यासाचे महत्त्व समजून घेण्यासारखे आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुळी वापरली जाते, एवढ्यावर वकील थांबले नाहीत. आणि झाडपाल्याचे आहे म्हणून त्यांनी ती झटकूनही टाकली नाही. त्यांनी ती मोजमापाच्या कसोटीला लावली. घरगुती औषध आणि तपासलेले औषध यांत फरक असतो तो एवढाच, आणि रुग्णासाठी तो फार मोठा असतो.

मुळी परदेशात पोचते

अमेरिकेत बॉस्टनचे डॉक्टर रॉबर्ट विल्किन्स यांनी वकील यांचा निबंध वाचला, मुळीच्या गोळ्या मागवल्या आणि आपल्या रुग्णांवर वापरल्या. त्यांनाही रक्तदाब उतरलेला दिसला. रुग्ण शांत, निवांत होतात हेही त्यांच्या लक्षात आले. १९५२ साली स्वित्झर्लंडच्या सीबा या कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतले मुख्य द्रव्य शुद्ध स्वरूपात वेगळे केले. त्याला नाव मिळाले रिसर्पिन. न्यूयॉर्कमध्ये नेथन क्लाइन यांनी ते मानसिक रुग्णांना देऊन पाहिले आणि अनेक अस्वस्थ रुग्ण शांत झाले. भारतीय वैद्यांना जे आधीपासून माहीत होते, ते आता गोळीच्या रूपात जगभर गेले.

रक्तदाबाच्या बाबतीत या द्रव्याने आणखी एक मोठे काम केले. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांच्या पुढाकाराने एक चाचणी झाली. खालचा रक्तदाब ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी काहींना औषधे आणि काहींना औषध नसलेल्या गोळ्या देण्यात आल्या. औषधे तीन होती आणि त्यांत एक रिसर्पिन होते. १९६७ साली निकाल आला: औषध घेणाऱ्यांत पक्षाघात, हृदय निकामी होणे, मूत्रपिंड बिघडणे असे गंभीर प्रकार फार कमी झाले. त्रास होत नसला तरी बीपीची गोळी चालू ठेवा, असे आज डॉक्टर सांगतात. त्या सल्ल्यामागे अशा चाचण्या आहेत.

डॉ. वकील यांना १९५७ साली अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. त्या वर्षीच्या मानकऱ्यांत क्लाइन होते आणि मानसिक आजारांवरच्या पहिल्या औषधांवर काम करणारे इतर डॉक्टरही होते. हृदयाचे डॉक्टर मेंदूच्या डॉक्टरांबरोबर गौरवले गेले, कारण मुळी एकच होती. पुढच्याच वर्षी, १९५८ मध्ये, भारत सरकारने त्यांना पद्मभूषण दिले.

रुग्णांनी सांगितलेल्या दोन गोष्टी

औषध जास्त लोकांनी, जास्त दिवस आणि जास्त प्रमाणात घेतले की त्याची दुसरी बाजू दिसू लागते. रिसर्पिनचेही तसेच झाले. नाक चोंदणे, नाडी मंद होणे, पोटात आम्ल वाढणे हे त्रास होतेच. पण दोन तक्रारी वेगळ्या होत्या.

पहिली उदासीची. ज्यांनी वर्षापूर्वी रक्तदाबासाठी गोळी सुरू केली, त्यांच्यातले काही जण गप्प झाले, कशातच रस घेईनासे झाले, काहींच्या मनात जीव नकोसा झाल्याचे विचार येऊ लागले. फ्रीस यांनीच १९५४ साली याबद्दल लिहिले. रिसर्पिनमुळे नैराश्य नेमके किती जणांना येते, यावर पुढे बराच वाद झाला. तरी ज्यांना आधी नैराश्य येऊन गेले आहे त्यांना हे औषध देऊ नये, ही सूचना आजही पाळली जाते.

दुसरी तक्रार शरीराच्या हालचालींची. मोठ्या मात्रेत औषध घेणारे काही रुग्ण सावकाश चालू लागले, अंग ताठ झाले, चेहऱ्यावरचे भाव हरवले, हात थरथरू लागले. हे सगळे कंपवातासारखे दिसत होते. औषध बंद केले की ते हळूहळू निवळत असे.

आता प्रश्न पडला. रक्तदाबाच्या गोळीने माणूस कंपवाताच्या रुग्णासारखा का वागतो? मेंदूत नेमके काय होते? रुग्णाचा रक्तदाब मोजून हे कळणार नव्हते. जिवंत माणसाच्या मेंदूतल्या रसायनांचे मोजमाप करण्याचे साधन तेव्हा नव्हते. इथे प्राण्यांची गरज पडली.

स्वीडनमधले ससे

मेंदूतल्या चेतापेशी एकमेकींशी रसायनांमार्फत बोलतात. ही रसायने पेशीच्या टोकाशी बारीक पिशव्यांत साठवलेली असतात. निरोप द्यायचा असला की पिशवीतले रसायन बाहेर सोडले जाते. अमेरिकेत बर्नार्ड ब्रॉडी यांच्या प्रयोगशाळेत १९५५ साली दिसून आले की रिसर्पिन दिल्यावर यांतल्या सिरोटोनिन या रसायनाचा साठा रिकामा होतो. आरविड कार्लसन हे स्वीडिश शास्त्रज्ञ काही महिने तिथे काम करून मायदेशी परतले. इतर रसायनांचेही असेच होते का, हे त्यांना पाहायचे होते.

त्यांनी सशांना रिसर्पिन दिले. ससे निपचित झाले. एरवी ताठ असणारे कान खाली पडले, पापण्या मिटू लागल्या, हालचाल थांबली. ससा जिवंत होता, पण हलायची शक्ती जणू कोणी काढून घेतली होती.

मग त्यांनी दोन द्रव्ये वेगवेगळी देऊन पाहिली. एका द्रव्यापासून शरीर सिरोटोनिन बनवते. त्याने सशांत फरक पडला नाही. दुसरे होते डोपा. ते टोचल्यावर काही मिनिटांत ससे जागे झाले, कान उभे राहिले, ते फिरू लागले. हा निबंध १९५७ साली नेचर या नियतकालिकात आला. डॉ. वकील यांना लास्कर पुरस्कार मिळाला तेच हे वर्ष.

सशांच्या मेंदूची तपासणी केल्यावर आणखी एक गोष्ट पुढे आली. डोपापासून नॉरअ‍ॅड्रिनलिन हे रसायन तयार होते आणि त्यानेच ससा जागा झाला असेल, असा अंदाज होता. पण जाग्या झालेल्या सशाच्या मेंदूत ते भरून आलेलेच नव्हते. भरून आले होते ते डोपामिन. तोवर डोपामिन ही नॉरअ‍ॅड्रिनलिन बनण्याच्या वाटेवरची एक पायरी, एवढेच समजले जाई. ते स्वतः मेंदूत निरोप्याचे काम करते आणि हालचालीसाठी ते आवश्यक आहे, हे सशांनी दाखवले.

रिसर्पिन नेमके काय करते, हे आता साध्या शब्दांत सांगता येते. रसायन पिशवीत भरणारा पंप ते बंद पाडते. बाहेर राहिलेले रसायन नष्ट होते आणि पिशव्या रिकाम्या राहतात. रक्तवाहिन्यांकडे जाणाऱ्या नसांत नॉरअ‍ॅड्रिनलिन संपले की रक्तवाहिन्या सैल होतात आणि रक्तदाब उतरतो. मेंदूत डोपामिन संपले की शरीर ताठ होते. वकील यांच्या रुग्णांना झालेला फायदा आणि पुढे काही रुग्णांना झालेला त्रास, दोन्हींचे मूळ एकच.

सशाकडून पुन्हा माणसाकडे

सशात दिसले म्हणून ते माणसातही खरे, असे कोणी धरले नाही. व्हिएन्नात ओलेह होर्निकिविझ यांनी कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले. हालचालींवर नियंत्रण ठेवणाऱ्या भागात डोपामिन फारच कमी आढळले. हे १९६० साली प्रसिद्ध झाले. पुढच्या वर्षी त्यांचे सहकारी वॉल्टर बर्कमायर यांनी कंपवाताच्या रुग्णांना लिव्होडोपाची इंजेक्शने दिली. अंथरुणावरून उठू न शकणारे काही रुग्ण थोडा वेळ उठून चालू लागले.

परिणाम टिकत मात्र नव्हता. १९६७ साली अमेरिकेत जॉर्ज कोट्झियास यांनी डोपा तोंडावाटे, थोड्या मात्रेपासून सुरू करून सावकाश वाढवत द्यायची पद्धत काढली आणि रुग्णांना टिकाऊ फायदा झाला. पुढे त्याला कार्बिडोपाची जोड मिळाली. लिव्होडोपा मेंदूत पोचण्याआधीच त्याचे डोपामिन बनले तर उलट्या होतात. कार्बिडोपा ते होऊ देत नाही. आज कंपवाताच्या रुग्णाला मिळणारी लिव्होडोपा-कार्बिडोपाची गोळी ती हीच. कार्लसन यांना २००० साली नोबेल पारितोषिक मिळाले.

सरळ डोपामिनच का देत नाहीत, असे अनेक जण विचारतात. मेंदूभोवतीच्या रक्तवाहिन्यांचे आवरण डोपामिनला आत जाऊ देत नाही. लिव्होडोपाला जाऊ देते. म्हणून कच्चा माल द्यायचा आणि डोपामिन मेंदूला बनवू द्यायचे.

आपल्या भागासाठी आणखी एक गोष्ट लक्षवेधी आहे. कोकणात पावसाळ्यानंतर अंगाला लागली की आग करणारी खाजकुयली सगळ्यांना माहीत असते. तिच्या बियांत लिव्होडोपा असते. १९३७ सालीच मद्रासच्या शास्त्रज्ञांनी ते वेगळे काढले होते. डोपामिन रिकामे करणारी सर्पगंधा आणि डोपामिनचा कच्चा माल देणारी खाजकुयली आपल्याच रानात आहेत. त्यांचा एकमेकींशी असलेला संबंध मात्र सशांवरच्या प्रयोगांनंतर उलगडला.

डॉ. वकील यांची पुढची वर्षे

रक्तदाबावरच्या कामाने नाव झाल्यावरही वकील यांनी रुग्ण पाहणे सोडले नाही. हृदयविकाराचा मोठा झटका येण्याआधी काही जणांना बसल्या जागी, वारंवार आणि जास्त वेळ छातीत दुखते. १९६० च्या दशकात वकील यांनी अशा रुग्णांचा पाठपुरावा केला आणि ही झटक्याची पूर्वसूचना म्हणून गंभीरपणे घ्यावी, असे मांडले. आज असे दुखणे आले की आम्ही रुग्णाला लगेच भरती करतो. ईसीजी आणि रक्ततपासणीसाठी थांबवून ठेवतो.

१९६९ साली असोसिएशन ऑफ फिजिशियन्स ऑफ इंडिया या डॉक्टरांच्या संघटनेने भारतीय रुग्णांना समोर ठेवून मोठे वैद्यकीय पाठ्यपुस्तक काढले. त्याच्या पहिल्या आवृत्तीचे संपादक डॉ. वकील होते. तोवर आपल्याकडचे विद्यार्थी प्रामुख्याने परदेशी पुस्तकांवर शिकत. त्या पुस्तकाच्या नव्या आवृत्त्या अजून निघतात. १९७४ साली डॉ. वकील यांचे निधन झाले. तोपर्यंत लिव्होडोपा रुग्णांच्या हाती आले होते.

प्राणी काय सांगू शकतात आणि काय नाही?

या साऱ्या घडामोडींतून एक गोष्ट स्पष्ट होते. रुग्ण आणि प्रयोगशाळेतला प्राणी वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात.

औषधाने मेंदूत काय घडते, हे सशाने सांगितले. पण मन उदास झाले आहे, हे ससा सांगू शकला नसता. ते रुग्णांनीच सांगितले. शिवाय रिसर्पिन दिलेला ससा म्हणजे कंपवाताचा रुग्ण नव्हे. सशाच्या पेशी शाबूत असतात, फक्त रसायन संपलेले असते. कंपवातात त्या पेशीच वर्षानुवर्षे मरत जातात. म्हणून लिव्होडोपाने लक्षणे आटोक्यात येतात, पण आजाराची वाढ थांबत नाही. ती थांबवणारे औषध अजून हाती आलेले नाही.

प्राण्यांत आपापसातही फरक असतो. १९८२ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात काही तरुणांनी घरगुती पद्धतीने बनवलेले मादक द्रव्य टोचून घेतले आणि काही दिवसांत ते कंपवाताच्या जुन्या रुग्णांसारखे जखडले. त्या द्रव्यात एमपीटीपी नावाचे विष निघाले. ते माकडांना दिले तेव्हा तसाच आजार झाला, पण उंदरांपेक्षा मोठ्या रॅट जातीवर त्याचा फारसा परिणाम होत नव्हता. केवळ रॅटवर तपासले असते तर हे विष निर्धोक वाटले असते. याच विषाने आजारी झालेल्या माकडांवर १९९० मध्ये दिसले की मेंदूतला एक लहान भाग निष्क्रिय केला की ताठरपणा कमी होतो. निवडक रुग्णांत मेंदूत तार बसवून विजेचे सौम्य झटके देण्याची जी शस्त्रक्रिया आज होते, तिला या अभ्यासाचा मोठा आधार मिळाला.

आज मेंदूच्या अभ्यासात फळमाशी, झेब्रा मासा, उंदीर अशा अनेक जिवांचा उपयोग होतो. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी यांनी फळमाश्यांवर काम करून वास आणि चव ओळखणाऱ्या चेतासंस्थेचा अभ्यास भारतात रुजवला. लहान जीव लवकर वाढतात, त्यांच्या एकेका जनुकाचा परिणाम तपासता येतो. पण जीव जितका साधा, तितकी माणसापर्यंतची वाट लांब.

या प्राण्यांच्या वेदनेचा प्रश्नही खरा आहे आणि अनेक रुग्ण तो मनापासून विचारतात. भारतात प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा १९६० चा कायदा प्रयोगांनाही लागू आहे. प्रयोगासाठी समितीची परवानगी लागते. शक्य तिथे प्राणी टाळायचे, कमीत कमी वापरायचे आणि त्यांना कमीत कमी त्रास द्यायचा, हे तत्त्व जगभर मानले जाते. २०२३ पासून आपल्या औषध नियमांत प्राण्यांऐवजी मानवी पेशींवर आधारित पर्यायी चाचण्यांनाही स्थान मिळाले आहे.

रुग्णांनी आणि नातेवाइकांनी लक्षात ठेवावे

* सर्पगंधेची मुळी किंवा चूर्ण स्वतःच्या मनाने घेऊ नका. प्रत्येक मुळीत द्रव्याचे प्रमाण वेगळे असते आणि त्याचा परिणाम शरीरात बरेच दिवस टिकतो. आज रक्तदाबावर त्याहून सुरक्षित औषधे आहेत. आधीच घेत असाल तर डॉक्टरांना सांगा. लपवू नका.
* नैराश्य, कंपवात किंवा पोटातला अल्सर असलेल्यांनी सर्पगंधा अजिबात घेऊ नये.
* खाजकुयलीच्या बियांत साधारण ४ ते ६ टक्के लिव्होडोपा असते. कंपवाताच्या गोळीबरोबर ती घेतली तर मात्रा जास्त होऊ शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका.
* एखाद्याला अचानक कंप किंवा ताठरपणा सुरू झाला तर चालू असलेल्या सगळ्या गोळ्या दाखवा. उलटीची मेटोक्लोप्रमाइड, पोटासाठी दिलेली लिव्होसल्पिराइड, चक्करेची सिनारिझिन, डोकेदुखीची फ्लुनारिझिन आणि काही मानसिक आजारांची औषधे कंपवातासारखी लक्षणे आणतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने योग्य वेळी ती थांबवली तर लक्षणे बहुधा काही आठवडे ते महिन्यांत कमी होतात.
* मानसिक आजाराची गोळी मात्र परस्पर बंद करू नका. ज्यांनी ती दिली त्यांनाच भेटा.
* लिव्होडोपाची गोळी एकाएकी बंद करणे धोक्याचे आहे. तीव्र ताप आणि ताठरपणा येऊ शकतो. रुग्ण दुसऱ्या कारणाने रुग्णालयात भरती असला तरी ही गोळी चालू असल्याचे तिथल्या डॉक्टरांना आवर्जून सांगा.
* ही गोळी शक्यतो जेवणाआधी अर्धा ते एक तास घ्यावी. डाळी, अंडी, मासे अशा प्रथिनांच्या जेवणाबरोबर घेतल्यास ती कमी शोषली जाते.
* बीपीची गोळी घेणाऱ्याचे मन सतत उदास असेल, झोप-भूक बदलली असेल, तर तेही तपासणीच्या वेळी बोला. गोळीचा संबंध असो वा नसो, उदासीवर उपचार होतात. जीव नकोसा झाल्याचे विचार येत असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा.

प्राण्यांवरच्या नव्या औषधाची बातमी वाचली तर दोन गोष्टी विचारा. हे माणसांना देऊन पाहिले आहे का? आणि दिले असेल तर किती जणांना, किती काळ? पहिल्याचे उत्तर नाही असेल तर ती चांगली सुरुवात आहे, उपचार अजून दूर आहे आणि चालू गोळ्या तशाच घ्यायच्या आहेत. कार्लसन यांचे ससे जागे झाले त्यानंतर रुग्णांना टिकाऊ फायदा व्हायला दहा वर्षे लागली. आणि त्या सशांपर्यंत पोचण्याआधी परळमध्ये एका डॉक्टरने ५० रुग्णांचे रक्तदाब मोजून ठेवले होते. पुढच्या वेळी तपासायला याल तेव्हा गोळीने काय बरे वाटले आणि काय बिघडले, दोन्ही सांगा. आम्हाला त्याची गरज असते.